विशीतले पाय आणि ८२ सामने: तरुण बास्केटबॉल संघ जमतात कसे, मोडतात कसे?

पहाटेचा_प्रेक्षक
(सोमवार, रात्री ९:४०)

२३ जूनला पहाटे साडेपाचला मी आणि माझा भाचा एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, हंगामात प्रत्येक संघाचे ८२ सामने) अंतिम मालिकेतला सातवा सामना बघत बसलो होतो, ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या होत्या, बाहेर भुरभुर चालू होती. इंडियानाच्या टायरिस हॅलिबर्टनने पहिल्या सात मिनिटांत तीन थ्री-पॉइंटर टाकले. मग बचावपटूच्या बाजूने घुसायला म्हणून त्याने उजव्या पायावर जोर दिला आणि तिथेच कोसळला. फरशीवर हात आपटत होता बिचारा. अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, तुटलं. पाचव्या सामन्यात त्याच पायाची पोटरी दुखावली होती, तरी तो खेळत होता. वय वर्षं २५.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मीपण खेळलोच असतो."

भाचा सतरा वर्षांचा आहे, कॉलेजच्या संघात खेळतो, पुढे जिल्हा निवड चाचणी आहे. त्या दिवशी चहा पिताना हळूहळू बाहेर आलं. दोन महिने त्याचा उजवा गुडघा दुखतोय आणि त्याने घरीही सांगितलं नाही, संघातही नाही. सिनियर पोरं 'नाटकं करतो' म्हणतील आणि पहिल्या पाचातली जागा जाईल, ही भीती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तरुण संघाबद्दल बोलताना आपण तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतो: पोरांचं आपसात जमतं का, पोरं पोक्त आहेत का, आणि दुखापती किती. मला या तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात. विशीतला पोरगा बाकीच्यांसमोर 'आज माझा पाय बरा नाही' असं म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर तो संघ टिकतो. नसेल तर कितीही गुणी पोरं गोळा करा, तीन वर्षांत पांगापांग होते.

पटतं का? आणि भाच्याचं काय करू, तेही सांगा.

सदाशिव_पेठी
(सोमवार, रात्री १०:१५)

नाही पटत. दुखापत हा नशिबाचा भाग आहे, त्याला संस्कारांचं लेबल लावू नका. डेरिक रोझ बघा. २०११ मध्ये २२ व्या वर्षी एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), आजवरचा सर्वात लहान. २८ एप्रिल २०१२, प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा) पहिलाच सामना, फिलाडेल्फियावर १२ गुणांची आघाडी, दीडएक मिनिट उरलेलं. उडी मारायला गेला आणि एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) तुटलं. त्याने कुणाला काय सांगायला हवं होतं?

थ्रीपॉइंटर
(सोमवार, रात्री १०:३२)

@सदाशिव_पेठी, काका, रोझचंच उदाहरण घेतलंत तर पूर्ण घ्या. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती) तो हंगाम ६६ सामन्यांचा झाला होता आणि त्यातले रोझ फक्त ३९ खेळला. पाठ, जांघ, घोटा, पायाचं बोट, काही ना काही चालूच होतं. त्यामुळेच एसीएल गेलं असं मी म्हणणार नाही, ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कोरी पाटी असताना वीज पडली, असंही नव्हतं.

बालेवाडी_एक्सप्रेस
(सोमवार, रात्री ११:०५)

धागा छान. इंडियानाचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना असे दोन सामने झाले, भारतातले पहिले एनबीए सामने. आम्ही चौघं मित्र पुण्याहून गेलो होतो. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये गेला, इंडियानाने १३२-१३१ असा जिंकला. घसा बसला होता ओरडून.

मला ज्याला बघायचं होतं तो व्हिक्टर ओलाडिपो मात्र खेळला नाही. त्या जानेवारीत त्याच्या मांडीचा स्नायू गुडघ्यापाशी तुटला होता. तो परतला पुढच्या जानेवारीत, म्हणजे वर्षाने. त्याआधीच्या हंगामात तो ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक ताऱ्यांपैकी) होता आणि नंतर पुन्हा तो पहिला ओलाडिपो कधी दिसलाच नाही. प्रवासभर मी डोममधल्या आरडाओरड्यापेक्षा त्याचाच विचार करत आलो होतो.

गुडघ्यांची_ताई
(मंगळवार, सकाळी ७:२०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शहरातल्या शाळा-कॉलेजांतले खेळाडू रोज माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एसीएल तुटणं हा बहुतेक वेळा एका क्षणाचा अपघात असतो. उडीवरून एका पायावर उतरताना किंवा वेगात दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि लिगामेंट जातं. त्यासाठी आधी दुखायलाच हवं असं नाही. इथे सदाशिव_पेठींचा मुद्दा बरोबर आहे.

हाडांचं मात्र तसं नाही. पावलातली छोटी हाडं ताणाने आतल्या आत चिरत जातात, आणि चिरताना दुखतात. घोट्याच्या पुढे होडीच्या आकाराचं नॅव्हिक्युलर नावाचं हाड असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी मिळतं, त्यामुळे ते भरून यायला फार वेळ घेतं. जोएल एम्बीडचं हेच हाड मोडलं होतं. २०१४ मध्ये नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तिसऱ्या क्रमांकावर निवड झाली आणि पहिले दोन्ही हंगाम एकही सामना नाही. तिसऱ्या हंगामात ३१. झायन विल्यमसनचं करंगळीकडचं, म्हणजे पाचवं मेटाटार्सल मोडलं. तिथेही रक्तपुरवठ्याची तीच अडचण. २०२१-२२ चा अख्खा हंगाम त्यात गेला. चीनच्या याओ मिंगच्या पावलात आणि घोट्यात पुन्हा पुन्हा स्ट्रेस फ्रॅक्चर झाली. क्लबचा हंगाम संपला की उन्हाळ्यात देशासाठी खेळायचा, हाडाला उसंतच नाही. २०११ मध्ये तिशीत निवृत्त झाला.

आता भाच्याबद्दल. न तपासता मी निदान करणार नाही. पण उडी मारणाऱ्या मुलांना वाटीच्या खालच्या टोकाशी दुखत असेल तर पहिला संशय पटेलर टेंडनचा, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या पट्ट्याचा असतो. यात दोन चुका सर्रास होतात. एक, नी-कॅप चढवून तसंच खेळत राहणं. दुसरी, घाबरून महिनाभर पूर्ण बसणं आणि मग एकदम सामन्यात उतरणं. टेंडनला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो. सावकाश केलेले स्क्वॉट, पायऱ्यांचे व्यायाम, आठवड्यातल्या उड्यांवर मर्यादा. आधी ऑर्थोपेडिककडे दाखवा, मग हे.

अजून एक. आपल्याकडे निम्मा सराव सिमेंटच्या कोर्टवर होतो, तोही झिजलेल्या बुटांनी. लाकडी कोर्ट बालेवाडीला एखाद्या स्पर्धेपुरतं मिळतं. त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांचे ८२ सामने ऐकून 'आमचं पोर तर पंधराच खेळतं' असं समाधान करून घेऊ नका.

आईच्या_भूमिकेत
(मंगळवार, सकाळी ८:०२)

ताई, तुमचा प्रतिसाद मी कात्रण करून ठेवणार आहे.

माझी मुलगी सोळाची. मुलींमध्ये एसीएलचं प्रमाण मुलांच्या काही पट जास्त असतं, हे मला तिचं ऑपरेशन झाल्यावर कळलं. त्याआधी तिचा गुडघा एकदा 'सटकला' होता, सूजही होती. तिच्या प्रशिक्षकांनी क्रेप बँडेज बांधून तिला उपांत्य सामन्यात उतरवलं. आम्हीही प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या हाफमध्ये ती पडली तेव्हा तिचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

मी नंतर तिला विचारलं, की बाई, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं. 'तू नाही खेळलीस तर बाकीच्या अकरा जणींचं काय?' असं विचारलं गेलं."

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नात एक भर घाला. पोर बोललं तरी ऐकणारा कोण आहे?

वस्तादांचा_नातू
(मंगळवार, सकाळी ९:१०)

आईच्या_भूमिकेत, वाचून गलबललं. मुलगी आता कशी आहे?

माझे आजोबा पुण्यात तालमीत वस्ताद होते. मोठे पैलवान नवीन पोराला अंगावर घेताना जोर आवरूनच घ्यायचे, तो नियम होता. सकाळी पोर मातीत उतरलं की आजोबा आधी त्याची चाल बघायचे. कुणी लंगडत आलं, खांदा पाडून आलं, की त्याला त्या दिवशी जोड नाही. तो आखाडा खणायचा, दुसऱ्यांना मालिश करायचा, पण घरी पाठवायचे नाहीत. ते म्हणायचे, घरी पाठवलं की उद्या ते दुखणं लपवेल.

जखमी पोर संघाबाहेर पडत नाही हे त्याला रोज दिसलं पाहिजे. मग ते सांगतं.

निळीसायकल
(मंगळवार, दुपारी १२:४५)

पोक्तपणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून जा मोरँटचं लिहितो. तो माझा आवडता खेळाडू आहे, त्यामुळे जड मनाने.

२०२१-२२ मध्ये मेम्फिसने ५६ सामने जिंकले, सगळी पोरं पंचविशीच्या आतबाहेरची, एकमेकांच्या बास्केटवर नाचायची. मला तो संघ गणपतीत पहिल्यांदा ढोल बांधलेल्या पथकासारखा वाटायचा, दम कधी संपतच नाही. मग मार्च २०२३ मध्ये मोरँट समाजमाध्यमावर पिस्तूल दाखवताना दिसला, आठ सामन्यांची बंदी. दोनच महिन्यांत पुन्हा तेच, आणि या वेळी २५ सामने. त्या २५ पैकी मेम्फिसने सहा जिंकले, १९ हरले. परत आला तो न्यू ऑर्लिन्सविरुद्ध, ३४ गुण आणि शेवटच्या क्षणी विजयी बास्केट. मी ऑफिसच्या बसमध्ये उभा राहून ओरडलो होतो. नऊ सामने खेळला आणि सरावात खांदा गेला. हंगाम खलास, संघ २७-५५.

इथे दुखापत आणि वागणूक यांचा संबंध नाही, हे मान्य. पण एका पोराच्या चुकीमुळे बाकीच्यांना जास्त मिनिटं ओढावी लागली, ते दमले. चूक एकाची आणि पाय झिजले दुसऱ्यांचे. त्या वर्षी मेम्फिसमध्ये जखमींची रांगच लागली होती.

थ्रीपॉइंटर
(मंगळवार, दुपारी १:३०)

निळीसायकल +१. आणि संघात वयाने मोठं माणूस असलं की सगळं आपोआप सांभाळलं जातं, हाही भ्रम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोल्डन स्टेटच्या सरावात ड्रेमंड ग्रीनने २३ वर्षांच्या जॉर्डन पूलला ठोसा मारला. ग्रीन तेव्हा ३२ चा, चार वेळचा विजेता. दोघं तो हंगाम एकत्र खेळले, पण पुढच्या उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला धाडलं. गतविजेता संघ होता तो.

उलट बाजूला ओक्लाहोमा सिटी. सामना संपल्यावर एका खेळाडूची मुलाखत चालू असली की बाकीचे सगळे मागे येऊन उभे राहतात, गळ्यात हात टाकून. सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटायचा. चेट होल्मग्रेनला २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला आणि पहिला सामना खेळायच्या आधीच उन्हाळ्यातल्या एका प्रदर्शनी सामन्यात पावलाच्या मधल्या सांध्याची (लिसफ्रँक) दुखापत झाली. अख्खं वर्ष बाहेर. संघाने घाई केली नाही. पुढच्या हंगामात तो ८२ च्या ८२ सामने खेळला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये कमरेचं हाड मोडलं, फेब्रुवारीत परतला आणि जूनमध्ये अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पाच ब्लॉक (समोरच्यांनी बास्केटकडे टाकलेले चेंडू अडवले). एवढा सडपातळ पोरगा, सात फूट उंच, याला कुणी पायावर पुन्हा उभं केलं असेल तर त्याला थांबू देणाऱ्यांनी.

सदाशिव_पेठी
(मंगळवार, दुपारी ३:५०)

ओक्लाहोमा सिटीचंच घ्या ना. जेलेन विल्यम्स, २४ वर्षांचा, उजव्या मनगटाचं लिगामेंट फाटलेलं असताना सगळी प्लेऑफ खेळला. दुखणं बधिर करायची इंजेक्शनं घेत खेळला. अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात ४० गुण! चषक जिंकला आणि मग ऑपरेशन केलं. तो थांबला असता तर ओक्लाहोमा जिंकली असती का? हॅलिबर्टननेही नंतर लिहिलं, की पुन्हा संधी मिळाली तरी मी हेच करेन.

मी पण खेळलोय. डेक्कनच्या कोर्टवर बारा वर्षं घालवली आहेत. खेळाडूच्या मनात काय असतं ते प्रेक्षकांनी ठरवू नये.

पहाटेचा_प्रेक्षक
(मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

सदाशिव_पेठी, तुमच्या या प्रतिसादाने मला दुपारपासून अडवून ठेवलं.

तुमचं म्हणणं खरं आहे, आणि माझी मांडणी त्याने थोडी मोडते. हॅलिबर्टनची पोटरी संघाला माहीत होती. विल्यम्सचं मनगटही संघाला माहीत होतं. दोघांनी सांगितलं, दोघं खेळले, एकाचं निभावलं आणि एकाचं नाही. म्हणजे सांगितलं की पाय वाचतो, असं मी म्हणू शकत नाही.

पण तिथे डॉक्टर होते, स्कॅन होते, समोर अंतिम मालिका होती आणि निर्णय चार जणांनी मिळून घेतला होता. माझा भाचा जूनच्या एका साध्या सराव सामन्यासाठी एकटाच रात्री बाथरूममध्ये स्प्रे मारून गुपचूप निर्णय घेत होता. हा फरक मला फार मोठा वाटतो.

गुडघ्यांची_ताई
(मंगळवार, रात्री ८:४०)

अगदी हेच लिहायला आले होते. शिवाय मनगट आणि पोटरी यांचा धोकाही सारखा नसतो. पोटरीचा स्नायू खाली अकिलीसलाच जोडलेला असतो. केव्हिन ड्युरंट २०१९ च्या अंतिम मालिकेत पोटरीच्या दुखापतीतूनच परतला होता, पाचव्या सामन्यात, आणि त्याचंही अकिलीसच गेलं. पोटरीमुळेच गेलं असं सिद्ध करता येत नाही, पण आम्ही लोक तेव्हापासून पोटरी म्हटलं की दोनदा विचार करतो.

@आईच्या_भूमिकेत, मुलीला ऑपरेशननंतर किती महिने झाले? नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापतीचा धोका बराच जास्त असतो. नुसते महिने मोजूही नका. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झालीय का, एका पायावर उडी मारून ती स्थिर उतरते का, हे तपासूनच सोडा.

आईच्या_भूमिकेत
(मंगळवार, रात्री ९:०५)

सात महिने झाले. तिला लगेच जायचंय. तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली, तिचा फोटो हिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दोन महिन्यांत तो काही पळून जाणार नाही, असं मी तिला सांगितलं. हसली, खूप दिवसांनी.

थ्रीपॉइंटर
(मंगळवार, रात्री ९:३०)

झायनबद्दल एक लिहायचं राहिलं. त्याच्या वजनावर लोक इतकं बोलतात की बाकी काही आठवतच नाही. २०२३-२४ मध्ये तो ७० सामने खेळला, तोवरचे सर्वात जास्त. लेकर्सविरुद्ध प्ले-इन (प्लेऑफमध्ये जागा मिळवायच्या) सामन्यात ४० गुण केले, सामना बरोबरीत आणला आणि त्याच क्षणी मांडीमागचा स्नायू गेला. टॉवेल जमिनीवर आपटून तो आत गेला. सगळं नीट करूनही असं होतं, तेव्हा त्या पोराच्या बाजूला कोण बसतं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

बालेवाडी_एक्सप्रेस
(मंगळवार, रात्री १०:१०)

थ्रीपॉइंटर, तुझ्या शेवटच्या वाक्यावरून डेन्व्हरचा जमाल मरे आठवला. एप्रिल २०२१ मध्ये त्याचं एसीएल गेलं, वय २४. प्रशिक्षक माइक मलोन यांनी नंतर सांगितलेली गोष्ट अशी, की मरेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने विचारलं, तुम्ही आता मला दुसरीकडे देऊन टाकणार का, मी आता बिघडलेला माल आहे ना? मलोननी त्याला मिठी मारली आणि सांगितलं, तू आमचा आहेस, आम्ही तुला परत उभं करू.

पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. कुणी घाई केली नाही. २०२३ मध्ये डेन्व्हर पहिल्यांदा विजेता झालं आणि मरेने त्या प्लेऑफमध्ये सरासरी २६ गुण केले. त्याच संघात मायकेल पोर्टर होता, पाठीच्या दुखण्यामुळे निवडीत १४ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला. त्यालाही त्यांनी पहिलं वर्षभर बसवून ठेवलं होतं. दोघंही 'बिघडलेले', आणि दोघांच्याही बोटात विजेत्याची अंगठी.

सदाशिव_पेठी
(बुधवार, सकाळी ६:५०)

मरेची गोष्ट मला माहीत नव्हती.

एक जुनी माझ्याकडून. ओक्लाहोमा हा १९७७ च्या पोर्टलँडनंतरचा सर्वात तरुण विजेता संघ म्हणतात. त्या पोर्टलँडचा तारा बिल वॉल्टन, तेव्हा २४ चा. पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये पावलात इंजेक्शन घेऊन खेळला आणि नंतर कळलं की नॅव्हिक्युलर मोडलंय, ताई म्हणतात तेच हाड. संघाच्या वैद्यकीय वागणुकीवर तो इतका चिडला की पुढचा हंगाम बसून राहिला आणि संघच सोडला. एक विजेतेपद, आणि तो संघ पुन्हा कधी उभा राहिला नाही.

रात्री हे आठवलं आणि धागाकर्त्याचं म्हणणं जरा वेगळं दिसायला लागलं. मी बारा वर्षं खेळलो ते डावा घोटा तीनदा सुजलेला असताना. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज जिना उतरताना कठडा धरतो. भाच्याला विचारताय हे चांगलं करताय.

पहाटेचा_प्रेक्षक
(रविवार, दुपारी ४:२०)

उशिरा लिहितोय, कारण आठवडा भाच्यामागेच गेला.

ऑर्थोपेडिकना दाखवलं. पटेलर टेंडनच आहे, ताईंचा संशय बरोबर निघाला. हाडाला काही नाही. सहा ते आठ आठवडे उड्या मोजून मारायच्या, व्यायाम रोज. निवड चाचणी यंदा हुकणार. ते ऐकून तो रडला, मी आणि ताई दोघंही त्याच्याजवळ नुसते बसून राहिलो. ताई म्हणजे माझी बहीण.

काल तो स्वतःच सरावाला गेला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मी मुद्दाम फाटकाबाहेर थांबलो होतो. त्याच्या सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की अजून कुणाचं काही दुखतंय का? आधी कुणीच बोललं नाही. मग कर्णधाराने हात वर केला. त्याचा घोटा. मग अजून दोघांनी.

वस्तादांच्या नातवाची गोष्ट मी सरांना सांगितली होती. भाचा आता रोज जातो, बाजूला त्याचे व्यायाम करतो आणि उरलेल्या वेळात बाकीच्यांचे फ्री-थ्रो वहीत टिपतो. आज घरी येऊन मला सांगत होता की कर्णधाराचे चौथ्या क्वार्टरमधले फ्री-थ्रो लहान पडतात, कारण तो दुखऱ्या घोट्यावर भार देत नाही.

वस्तादांचा_नातू
(रविवार, दुपारी ४:३५)

कर्णधाराला वहीतलं ते पान दाखवलं का त्याने?

पहाटेचा_प्रेक्षक
(रविवार, दुपारी ४:४१)

उद्या दाखवणार आहे. गुडघ्यांच्या ताईंचा नंबर कर्णधारालाही हवाय, व्यक्तिगत निरोपात विचारतो.